कर्मवीर अण्णा आणि माझी कुदळ

सहावीत या शाळेत दाखल झालो तेव्हा माझ्याजवळ दोन गुपिते होती. पहिले म्हणजे मला हिंदी धड बोलता येत नव्हते. ते आठवडाभरात सगळ्या हाऊसला कळले आणि सहा महिन्यांत मिटलेही. दुसरे मी बरीच वर्षे जपले. माझी फी शिष्यवृत्तीतून भरली जाते आणि घरी आमची जेमतेम दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

नववीत असताना एका शनिवारी श्रमदानात आमच्या हाऊसला बागेची कडा खणायची होती. बाकीची मुले कुदळ कशीही धरत होती. मी सवयीने सपासप खणले. सरांनी सर्वांसमोर कौतुक केले आणि हे कुठे शिकलास, असे विचारले. मी गप्प राहिलो. पुढच्या शनिवारपासून मीही मुद्दाम कुदळ वेडीवाकडी धरू लागलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजोबांना हे सांगितले. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, कायम दुष्काळी भागात. मला वाटले, आजोबा रागावतील. ते रागावले नाहीत. त्या रात्री अंगणात बाज टाकून त्यांनी मला कर्मवीर अण्णांची सगळी हकिकत सांगितली. भाऊराव पाटील हे नाव मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. पण माझे आजोबा त्यांच्याच शाळेत, साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात शिकले, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या रात्री ऐकलेले आणि नंतर आपल्या ग्रंथालयात वाचलेले असे मिळून इथे लिहितो आहे. बरेच कॅडेट महाराष्ट्राबाहेरचे आहेत, त्यांनाही हा माणूस माहीत व्हावा असे वाटते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी एका जैन कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. शिकण्यासाठी भाऊरावांना कोल्हापूरला जैन वसतिगृहात ठेवले. तिथले सोवळे-ओवळे त्यांना पटत नसे. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर स्नान करायला त्यांनी साफ नकार दिला. त्यावरून त्यांना वसतिगृह सोडावे लागले. अभ्यासातही ते मागेच राहिले. ज्या माणसाने पुढे शेकडो शाळा काढल्या, तो स्वतः मॅट्रिक झाला नव्हता! हे ऐकून माझा विश्वासच बसला नाही. गणिताच्या पेपरानंतर मला हे अधूनमधून आठवते.

पुढे कोल्हापुरात राजा-राणीच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. एका प्रतिष्ठित गृहस्थाविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी साक्ष दिली नाही आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. आपल्याकडे कॅडेटने खोटे बोलायचे नाही असे पहिल्या दिवसापासून शिकवतात. त्याची एवढी किंमत द्यावी लागली तर माझ्याकडून ते होईल का, हे मला अजून सांगता येत नाही.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. ओगल्यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्रीही केली. नांगर विकायला खेडोपाडी हिंडताना त्यांनी पाहिले की, शेतकऱ्याचे पोर हुशार असूनही गुरांमागे जाते. कारण शाळा तालुक्याच्या गावी असते आणि तिथे राहायला, जेवायला पैसा नसतो. सत्यशोधक समाजाचे विचार त्यांच्या मनात होतेच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. रयत म्हणजे सामान्य जनता. १९२४ साली संस्थेचे काम साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. आज आपल्या मेसमध्ये शेजारचा कोणत्या जातीचा आहे, हे कुणी विचारतही नाही. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात तसे करणे म्हणजे सगळ्या गावाचा रोष ओढवून घेणे होते.

आजोबांचा आवाज जड झाला तो लक्ष्मीबाईंचे नाव घेताना. लक्ष्मीबाई या अण्णांच्या पत्नी. कर्मठ घरात वाढलेल्या. सुरुवातीला त्यांना हे सारे जड गेले. पण पुढे त्या वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाची आई झाल्या. पैसा अपुरा पडू लागला तसे त्यांच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा कोठीत धान्य उरले नाही तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही. आजोबा त्यांच्या हातचे जेवले नव्हते, ते फार नंतरचे. तरी ताटात अन्न टाकताना आजही त्यांचा हात थांबतो.

अण्णा लोकांकडे मदत मागत. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा होई. पण मुलांनी फुकटचे खावे, हे त्यांना मान्य नव्हते. दान घेऊन शिकलेला मुलगा पुढे मान खाली घालून वावरेल, आणि स्वतः कमावून शिकलेला ताठ चालेल, असे त्यांचे मत होते. म्हणून १९४० साली त्यांनी सयाजीराव हायस्कूल काढले, ते कमवा आणि शिका या तत्त्वावर. मुलांनी शेतात, बांधकामावर राबायचे आणि त्या श्रमावर शिकायचे. आजोबा तिथे १९५१ साली गेले. सकाळी शेतातले काम, मग आंघोळ करून वर्ग, आणि रात्री कंदिलापाशी अभ्यास. हाताला फोड यायचे आणि घरची आठवणही यायची, हे त्यांनी लपवले नाही. एकदा ते पळून जायला निघाले होते. वेशीपर्यंत जाऊन परत आले, कारण गावी परत जाऊन तेच गुरांमागचे काम करायचे होते, आणि तिथे संध्याकाळी पुस्तक नव्हते.

या राबणाऱ्या मुलांनी काय मिळवले? बॅरिस्टर पी. जी. पाटील हे अण्णांच्याच वसतिगृहात वाढले, विलायतेला गेले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे नाव झालेले थोडेच. बहुतेक जण शिक्षक झाले आणि जिथे शाळा नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर शिकवायला गेले. माझे आजोबा त्यांतलेच एक. समाजाने मुलाला शिकवायचे आणि मुलाने ते शिक्षण परत समाजात नेऊन पेरायचे, असा हा व्यवहार होता. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. पारंबी जमिनीला टेकली की तिचाच आधार होतो.

१९४७ साली अण्णांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले आणि तिथेही गरीब मुलांसाठी कमवा आणि शिका चालू ठेवले. गांधीजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प केला. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. पुढे दोन वर्षांनी, १९६१ साली, त्याच साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा उघडली. अण्णांनी ती पाहिली असती तर त्यांनी काय विचारले असते, याचा मी कधीकधी विचार करतो. मला वाटते, त्यांनी परेडआधी मुलांचे तळहात पाहिले असते.

आजोबांनी शेवटी मला एवढेच विचारले, की तुझी फी जे भरतात त्यांना तू काय परत देणार आहेस? माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिष्यवृत्ती म्हणजे कुणीतरी दिलेली भीक, असे मीच मनात धरून बसलो होतो आणि म्हणून लाजत होतो. ते माझ्यावर असलेले कर्ज आहे आणि ते फेडता येते, हे मला त्या रात्री समजले.

सुट्टी संपवून आलो. पहिल्या शनिवारी कुदळ हातात घेतली आणि आमच्या शेतात धरतो तशी धरली. शेजारच्या मित्राने पुन्हा तोच प्रश्न केला. या वेळी मी सगळे सांगितले. जमीन, शिष्यवृत्ती, आजोबा. तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने मला कुदळीची पकड दाखवायला सांगितली. एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा मध्यावर, आणि जोर खांद्याऐवजी कमरेतून. आता आमच्या हाऊसमधल्या बहुतेकांना ती जमते.

यंदा मी अकरावीत आहे. आमच्यातले चौघे दर रविवारी दुपारी, परवानगी घेऊन, मेसमधल्या कामगारांच्या मुलांना गणित शिकवतो. त्यातला एक मुलगा पुढच्या वर्षी सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे. अपूर्णांकांत तो अजून चुकतो. मीही त्याच्या वयात चुकत होतो.