आगरकर नव्हे, आघारकर!

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रोडवर आघारकर संशोधन संस्था आहे. रोड आणि संस्था एकाच माणसाच्या नावाची, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण समाजसुधारक आगरकर वेगळे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकर वेगळे!

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकवत. सह्याद्रीत हिंडताना त्यांना नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोपर्यंत तो प्रकार फक्त आफ्रिकेतलाच समजला जायचा. १९१२ मध्ये ही माहिती ‘नेचर’मध्ये छापून आली. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमलं. ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते तिथेच नजरकैदेत अडकले. आपल्याला एक वायडी लागली तरी आयुष्य संपल्यासारखं वाटतं. हे गृहस्थ मात्र बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. विषय होता, वायव्य भारताच्या कोरड्या भागातल्या वनस्पती कुठून आल्या आणि कशा पसरल्या.

१९४६ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत तिच्यासाठी काम केलं. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

आघारकर काही बुरशीतज्ज्ञ नव्हते. पण आज त्यांच्या संस्थेत बुरशीच्या वाळवलेल्या नमुन्यांचा अजरेकर संग्रह आहे आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही आहे. पावावरची बुरशी, मशरूम, यीस्ट हे सगळे एकाच घराण्यातले. त्यातल्या यीस्टचा पूर्ण जीनोम १९९६ मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे १.२ कोटी अक्षरं आणि ६,००० जीन्स आहेत. बुरशींच्या जवळपास दीड लाख जातींना नावं मिळाली आहेत, पण एकूण जाती २५ लाखांच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे.

नगरजवळच्या हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. बुरशींचा असा ताळेबंद मांडायला सिक्वेन्सिंग हवं. तिथल्या मूठभर मातीतला डीएनए काढला तर कितीतरी बुरशींचे तुकडे मिळतील. बुरशी ओळखण्यासाठी आयटीएस नावाचा डीएनएचा छोटा तुकडा २०१२ पासून बारकोडसारखा वापरतात. पण बारकोड जुळवायला आधी कुणीतरी नाव देऊन जपलेला नमुना लागतो. तो नसेल तर कॉम्प्युटर फक्त ‘अननोन’ दाखवणार!

डीएनए वाचायची सुटसुटीत पद्धत १९७७ मध्ये आली. आघारकरांना ती बघायला मिळाली नाही. पण सिक्वेन्सिंगचं मशीन पैसे टाकून आणता येतं. वर्षानुवर्षं जपलेले नमुने आणि ते जपणारी संस्था आयती विकत मिळत नाही. ती कुणीतरी आधी उभी करावी लागते.