गिल्बर्ट ब्रिग्ज

गिल्बर्ट आर्थर ब्रिग्ज (इ.स. १८९० – इ.स. १९७८) हे ब्रिटिश ध्वनिक्षेपक-निर्माते, लेखक आणि 'व्हार्फडेल' या उद्योगाचे संस्थापक होते. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी घरगुती ध्वनिक्षेपकांचा दर्जा उंचावला आणि त्यांचे शास्त्र सुबोध पुस्तकांद्वारे हौशी वाचकांपर्यंत पोहोचवले. ध्वनिक्षेपकातील 'क्रॉसओव्हर' म्हणजेच वारंवारता-विभाजक मंडल सामान्य ग्राहकाला परिचित करून देणाऱ्यांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

ब्रिग्ज यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळच्या क्लेटन येथे झाला. ब्रॅडफर्ड हे लोकरी कापडाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते आणि ब्रिग्ज यांनीही उमेदीची वर्षे कापड व्यवसायातच घालवली. त्यांना पियानोवादनाची विशेष आवड होती. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येणारा पियानो प्रत्यक्षातील पियानोसारखा वाटत नाही, ही खंत त्यांना ध्वनिक्षेपकांकडे घेऊन गेली.

व्हार्फडेलची स्थापना

इ.स. १९३२ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी इल्कली येथील घराच्या तळघरात ध्वनिक्षेपक तयार केला. हे गाव व्हार्फ नदीच्या खोऱ्यात असल्याने उद्योगाला व्हार्फडेल हे नाव मिळाले. सुरुवातीच्या कामात पत्नी डोरिस यांचा हातभार होता. इ.स. १९३३ मध्ये ब्रॅडफर्ड रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत त्यांच्या ध्वनिक्षेपकांनी पहिली दोन्ही पारितोषिके मिळवली. पुढे त्यांनी कापडाचा व्यवसाय सोडला आणि कारखाना ब्रॅडफर्ड येथे हलवला.

विभाजक मंडल

एकाच पडद्याच्या ध्वनिक्षेपकाला डग्ग्याचा घुमारा आणि टाळांचा किणकिणाट सारख्याच स्पष्टतेने देणे अवघड जाते. खर्जासाठी मोठा पडदा लागतो, तर तारस्वरांसाठी लहान व हलका. म्हणून दोन स्वतंत्र एकके वापरून त्यांच्यात वारंवारतांची वाटणी करावी लागते. हे काम क्रॉसओव्हर करतो. खर्जाच्या एककाशी एकसरीत जोडलेले तारेचे वेटोळे उच्च वारंवारता अडवते. तारस्वरांच्या एककाशी जोडलेले धारित्र नीच वारंवारता अडवते. १५ ओहम संरोधाच्या एककांसाठी १,००० हर्ट्झवर साधी विभागणी करायची असल्यास सुमारे २.४ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि सुमारे १०.६ मायक्रोफॅरडचे धारित्र लागते. अर्थात हे गणित केवळ आरंभबिंदू ठरते. एककाचा संरोध वारंवारतेनुसार बदलतो, आणि दोन्ही एककांचे आवाज सांध्यावर एकमेकांना पूरक ठरले नाहीत तर तेथे खड्डा किंवा उंचवटा जाणवतो.

इ.स. १९३० च्या दशकात अमेरिकेतील चित्रपटगृहांत अशा रचना वापरात आल्या होत्या. व्हार्फडेलने इ.स. १९४५ मध्ये आपला पहिला द्विमार्गी ध्वनिक्षेपक तयार केला. त्याचा क्रॉसओव्हर उचलायला दोन माणसे लागत, असे सांगितले जाते. पुढील काळात व्हार्फडेलची एकके, तयार क्रॉसओव्हर आणि पेट्यांचे आराखडे स्वतंत्रपणे उपलब्ध होऊ लागले. त्यामुळे सुतारकामाची थोडी माहिती असलेल्या हौशी माणसाला घरीच उत्तम संच जुळवता येऊ लागला. पेटीचे फलक थरथरू नयेत म्हणून प्लायवुडच्या दोन थरांमध्ये कोरडी वाळू भरण्याची ब्रिग्ज यांची पद्धतही लोकप्रिय झाली.

तांत्रिक बाबतीत आपल्याला इतरांच्या मदतीची गरज आहे, हे ब्रिग्ज यांनी कधी लपवले नाही. 'क्वाड' प्रवर्धकांचे निर्माते पीटर वॉकर त्यांच्या प्रात्यक्षिकांत सहभागी झाले. प्रवर्धकांवरील पुस्तक त्यांनी एच. एच. गार्नर यांच्यासह लिहिले. बीबीसीतून आलेले अभियंता रेमंड कुक इ.स. १९५० च्या दशकात व्हार्फडेलमध्ये दाखल झाले. कुक यांनीच पुढे इ.स. १९६१ मध्ये 'केईएफ' ही कंपनी स्थापन केली.

ग्रंथलेखन

ध्वनिक्षेपकांवरील त्यांचे पहिले पुस्तक इ.स. १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर त्यांनी ध्वनिपुनरुत्पादन, पियानो, स्टिरिओ, पेट्यांची बांधणी आणि श्रवणशक्ती या विषयांवर लेखन केले. किमान गणित, भरपूर आकृत्या आणि मिस्कील शैली ही या पुस्तकांची वैशिष्ट्ये होत.

जाहीर प्रात्यक्षिके

नोव्हेंबर १९५४ मध्ये ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये सुमारे तीन हजार श्रोत्यांसमोर प्रात्यक्षिक केले. त्यात प्रत्यक्ष वादन आणि त्याचेच ध्वनिमुद्रण यांची तुलना श्रोत्यांना करता येत असे. घरगुती खोलीसाठी बनवलेली उपकरणे एवढ्या मोठ्या सभागृहात अपुरी पडली असती, तर त्यांचे अपयश सर्वांसमोर उघडे पडले असते. मात्र कार्यक्रम यशस्वी झाला. ऑक्टोबर १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही असाच प्रयोग झाला.

उत्तरायुष्य

इ.स. १९५८ मध्ये त्यांनी व्हार्फडेल रँक ऑर्गनायझेशनला विकली, तरीही इ.स. १९६५ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिच्याशी संबंधित राहिले. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन चालू होते. इ.स. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापन केलेले व्हार्फडेल हे नाव ध्वनिक्षेपकांच्या बाजारात आजही टिकून आहे.