विश्लेषण : जेमतेम शाळा शिकलेल्या फॅरेडेंनी मुलांची रसायनशास्त्राची भीती कशी घालवली?

कॅथोड, ॲनोड, आयन, इलेक्ट्रोलाइट… विद्युत रसायनशास्त्राचे प्रकरण उघडले की हे शब्द एकापाठोपाठ येतात. अनेक विद्यार्थी ते समजून न घेता पाठ करतात आणि विषय अवघड असल्याचा शिक्का मारतात. हे शब्द रूढ करणारे मायकल फॅरेडे स्वतः जेमतेम शाळा शिकलेले होते. गणितात तर ते कच्चेच होते. मग त्यांना रसायनशास्त्राची गोडी कशी लागली?

बाइंडिंगच्या दुकानातील शाळा

फॅरेडेंचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरात झाला. लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित एवढेच शिक्षण पदरी होते. 14व्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागले. त्यात जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील पुस्तक होते. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादातून त्यात विषय उलगडत जातो. फॅरेडे वाचून थांबले नाहीत. जमतील ते छोटे प्रयोग करून पुस्तकातील विधाने त्यांनी पडताळून पाहिली.

नोकरी कशी मिळाली?

1812 मध्ये एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. त्यांच्या टिपणांची वही स्वतः बांधून डेव्हींना पाठवली. मार्च 1813 मध्ये ते तेथेच प्रयोगशाळा सहायक झाले. पुढे 1825 मध्ये त्यांनी बेंझिन शोधले आणि 1830च्या दशकात विद्युत अपघटनाचे नियम मांडले. द्रावणातून जितकी वीज जाईल, त्या प्रमाणात इलेक्ट्रोडवर पदार्थ सुटा होतो. वीज दुप्पट, तर पदार्थही दुप्पट. आधी हे प्रयोगात दिसले. वर दिलेले शब्द 1834 मध्ये, केंब्रिजच्या विल्यम ह्युएल यांच्याशी चर्चा करून आले.

एका मेणबत्तीत किती रसायनशास्त्र?

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. 1827 ते 1860 या काळात फॅरेडेंनी अशा 19 मालिका दिल्या. सर्वांत गाजली ती मेणबत्तीवरची. मेणबत्ती विझवताच निघणाऱ्या पांढऱ्या धुराजवळ पेटती काडी नेली, की ज्योत वातीवर उडी मारते. म्हणजे जळते ते घट्ट मेण नव्हे, तर त्याची वाफ. ज्योतीवर थंड भांडे धरले, की पाण्याचे थेंब जमतात. निघणारा वायू चुन्याची निवळी दुधाळ करतो आणि आपला उच्छ्वासही तेच करतो. ज्वलनापासून श्वसनापर्यंतचा धागा मुलांसमोर असा उलगडत असे.

आजच्या वर्गाला त्यातून काय घेता येईल?

फॅरेडेंचा क्रम साधा होता : आधी ओळखीची वस्तू, मग प्रश्न, मग प्रयोग आणि शेवटी नाव. आपल्याकडे बहुधा व्याख्या आधी फळ्यावर येते आणि प्रयोग वेळ उरला तर होतो. हा क्रम उलटा करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मेणबत्ती, काडेपेटी, चुन्याची निवळी आणि लक्ष ठेवायला शिक्षक एवढे पुरते.

फॅरेडेंचे निधन 25 ऑगस्ट 1867 रोजी झाले. दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता नाताळची ती व्याख्याने लंडनमध्ये आजही होतात.