परमुलखांत जोडलेले स्नेही : फादर थॉमस स्टीफन्स



घर सोडून परक्या मुलखांत जाणें म्हणजे काय, हें आपल्या बीड जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. दिवाळीच्या आगेंमागें ऊसतोडणीसाठीं येथील कितीतरी कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि फडाजवळ कोप्या उभारून राहतात. अनोळखी गांवांत पाण्याचा पहिला हंडा भरूं देणारें माणूस जन्मभर स्मरणांत राहतें. अशा परमुलखांत ज्यांनीं आयुष्याचीं चाळीस वर्षें घालविलीं व जे अखेर तेथलेच होऊन गेले, त्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

फादर स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. त्यांच्या तरुणपणीं राणी एलिझाबेथ हिच्या राज्यांत कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें हा अपराध गणला जाई. थॉमस पाउंड नामक जिवलग मित्रासह रोमला जावें व येशूसंघांत प्रवेश करावा, असा त्यांचा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले, आणि पुढें त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदर सोडून ते २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनीं पित्यास पत्रानें कळविला आहे. हिरड्या सुजणाऱ्या रोगानें जहाजावरील दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस मृत्यु पावलीं. हिंदुस्थानांत स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून त्यांची गणना होते. येथें त्यांस धर्मगुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी प्रांतांत त्यांची नेमणूक झाली.

१५८३ हें वर्ष त्यांच्या कसोटीचें ठरलें. देवळें पाडणाऱ्या पोर्तुगीज सत्तेविरुद्ध साष्टींत क्षोभ माजला होता, आणि जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें येशूसंघाचे पांच जण मारले गेले. अशा वेळीं परक्या माणसाचें मन भीतीनें वा रागानें बंद व्हावें, हें स्वाभाविक होय. फादर स्टीफन्स मात्र येथील भाषेचा अभ्यास करीतच राहिले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचें नमूद केलें. ह्या साम्याचा विचार युरोपीय पंडितांत रूढ होण्यास पुढें सुमारें दोनशें वर्षें लागलीं.

नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी हे चार इंग्रज होर्मूज बंदरांत हेर म्हणून पकडले जाऊन गोव्यास कैदी होऊन आले. हे ज्या राणीचे प्रजाजन, तिच्याच अमलांत पाउंड तुरुंगांत होते, व तिच्याच अमलांत येशूसंघाचे फादर कॅम्पियन ह्यांस १५८१ सालीं फांशीं देण्यांत आलें होतें. तरीही फादर स्टीफन्स ह्यांनीं त्या कैद्यांस पाठ दाखविली नाहीं. दुसऱ्या एका धर्मबंधूच्या साह्यानें खटपट करून त्यांनीं जामीनदार मिळविला व नाताळापूर्वीं त्यांची सुटका करविली. पुढें चित्रकार स्टोरी गोव्यांतच राहिला. बाकीचे तिघे एप्रिल १५८४ मध्यें जामीन मोडून गुपचूप निघून गेले. न्यूबेरी ह्यानें आपल्या पत्रांत फादरांच्या उपकाराची कृतज्ञतेनें नोंद केली आहे. पण उपकार करतेवेळीं फादरांपाशीं परतफेडीची कसलीही हमी नव्हती.

त्यांची सर्वांत दृढ मैत्री मात्र जडली ती येथल्या लोकांशीं, आणि ती भाषेच्या द्वारें. नव्या ख्रिस्ती लोकांचे जुने ग्रंथ राज्यकर्त्यांनीं हिरावून घेतले होते. पूर्वीचीं पुराणें गेलीं, तर त्यांच्या जागीं आम्हीं काय वाचावें, असा त्या लोकांचा प्रश्न होता. ज्या सत्तेनें ही उणीव निर्माण केली तिच्याच आश्रयास फादर राहत होते, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. लोकांच्या ह्या मागणीस त्यांनीं उत्तर दिलें तें लोकांच्याच वाणींत व त्यांच्याच ओंवीछंदांत. सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत रायतूर येथें १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्यांत त्यांनीं मराठी भाषेची थोरवी इतक्या प्रेमानें गाइली आहे कीं, ती येथील भूमिपुत्रासही भूषण वाटावी. त्याच काळांत आपल्या अंबाजोगाईस दासोपंत ओंव्या रचीत होते. एक बालाघाटावर, दुसरे समुद्रकांठीं. एक मराठी मुलखांतले, दुसरे सातासमुद्रांपलीकडचे. छंद मात्र दोघांचा एकच.

१६१९ सालीं गोव्यांतच फादर स्टीफन्स ह्यांनीं देह ठेविला. मायदेशीं ते पुन्हां गेले नाहींत. त्यांनीं रचिलेलें कोंकणी भाषेचें व्याकरण त्यांच्या पश्चात् १६४० सालीं छापून निघालें.

परमुलखांत स्नेही कसे जोडावे, ह्याचें उत्तर ह्या चरित्रांत आहे. परक्याची भाषा आधीं शिकावी, त्याच्या अडचणीस धांवून जावें, आणि त्यानें फेड केली नाहीं तरी मन कडू होऊं देऊं नये. आपल्या रविवारच्या मिस्सेस एखादें अनोळखी कुटुंब मागच्या बाकावर येऊन बसलें, तर बाहेर पडतांना त्याचें गांव विचारावें व घरीं चहास बोलवावें. आज आपल्या दारीं आलेला जसा परका, तसेच उद्यां आपणही कोणाच्या तरी गांवीं परके होणार आहों.