जॉन मोझेस ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (२३ जानेवारी, इ.स. १८५५ – २६ नोव्हेंबर, इ.स. १९२६) हे अमेरिकन शस्त्ररचनाकार होते. रायफली, छर्र्यांच्या बंदुका, मशीनगन आणि पिस्तुले अशा सर्व प्रकारच्या शस्त्रांत त्यांनी मूलभूत सुधारणा केल्या. त्यांच्या नावावर १२८ अमेरिकी पेटंटे आहेत. आधुनिक अर्धस्वयंचलित पिस्तुलाची यंत्रणा मुख्यतः त्यांच्या रचनेतून विकसित झाली. पिस्तुलाची मूठ आणि माणसाचा हात यांचा मेळ हा त्या रचनेचा एक महत्त्वाचा भाग आहे.

जन्म व बालपण

ब्राउनिंग यांचा जन्म अमेरिकेच्या युटा प्रदेशातील ऑग्डेन या गावी झाला. त्यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका बनवणारे कुशल कारागीर होते. ते मॉर्मन पंथाचे अनुयायी होते व इलिनॉय राज्यातील नॉवू येथून पश्चिमेकडे स्थलांतर करून इ.स. १८५२ मध्ये ऑग्डेनला स्थायिक झाले. गावोगावच्या मोडक्या बंदुका त्यांच्या दुकानात दुरुस्तीसाठी येत. जॉन यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. खरे शिक्षण झाले ते वडिलांच्या दुकानात. टाकाऊ लोखंडातून सुटे भाग घडवणे, कानशीने घासून ते बसवणे आणि बिघाडाचे कारण शोधणे ही कामे ते लहान वयातच शिकले. बालपणीच त्यांनी भंगारातील नळी वापरून एक बंदूक तयार केली होती.

कारागीर ते रचनाकार

इ.स. १८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. या वर्षी रेचल टेरेसा चाइल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला, वडिलांचे निधन झाले आणि एकबारी रायफलीसाठी त्यांना पहिले पेटंट मिळाले. भावांच्या मदतीने त्यांनी ऑग्डेन येथे छोटा कारखाना सुरू केला. तेथील एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या पाहण्यात आली. कंपनीचे अधिकारी टी. जी. बेनेट यांनी इ.स. १८८३ मध्ये ऑग्डेनला येऊन ८,००० डॉलरना तिचे हक्क विकत घेतले. पुढील सुमारे १९ वर्षे ब्राउनिंग यांनी विंचेस्टरसाठी अनेक रचना केल्या. इ.स. १८९४ ची रायफल त्यांपैकी विशेष लोकप्रिय झाली.

त्यांची कामाची पद्धत वेगळी होती. कागदावर तपशीलवार आराखडे काढण्यापेक्षा धातूचा नमुना स्वतः घडवून पाहण्यावर त्यांचा भर असे. भाऊ एड याच्या मदतीने ते भाग तयार करीत, जोडत, गोळ्या झाडून पाहत आणि पुन्हा कानस हाती घेत.

इ.स. १८८९ च्या सुमारास नेमबाजीच्या एका प्रसंगी बंदुकीतून सुटलेल्या वायूच्या झोताने समोरचे गवत वाकल्याचे त्यांनी पाहिले. वाया जाणारी ही शक्ती बंदूक पुन्हा भरण्यासाठी वापरता येईल, असा विचार त्यांनी केला. त्यातून वायूच्या दाबावर चालणारी मशीनगन तयार झाली. कोल्ट कंपनीने ती इ.स. १८९५ ची मशीनगन म्हणून बाजारात आणली.

विंचेस्टरशी बेबनाव

आपोआप भरल्या जाणाऱ्या छर्र्यांच्या बंदुकीसाठी त्यांनी एकरकमी किमतीऐवजी विक्रीवर स्वामित्वधन मागितले. विंचेस्टरने ते नाकारल्यामुळे इ.स. १९०२ मध्ये हे संबंध संपले. त्यानंतर ते रेमिंग्टन कंपनीकडे गेले. परंतु ठरलेल्या भेटीच्या दिवशीच कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांचे निधन झाले. अखेर बेल्जियममधील एफ. एन. कंपनीने ही बंदूक बनवली. या कंपनीने त्यांचे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल आधीच बाजारात आणले होते. युरोपातील काही भाषांत तर ब्राउनिंग हा शब्द पिस्तूल या अर्थानेच रूढ झाला.

इ.स. १९११ चे पिस्तूल

कोल्टने काढलेल्या ब्राउनिंग यांच्या सुरुवातीच्या मोठ्या पिस्तुलांची मूठ नळीशी जवळजवळ काटकोनात होती. नेम धरताना मनगट खाली वळवावे लागे. अमेरिकी सैन्यासाठी .४५ इंच व्यासाचे पिस्तूल घडवताना ब्राउनिंग यांनी मूठ अधिक तिरपी केली. मुठीच्या मागील बाजूस त्यांनी एक कळ बसवली. तळव्याने ती दाबली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही. एका हातात लगाम धरणाऱ्या घोडेस्वारांकडून पिस्तूल निसटले, तर ते आपोआप सुरक्षित राहावे हा त्यामागील हेतू होता.

मार्च, इ.स. १९११ मधील चाचणीत या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. तापलेले पिस्तूल पाण्यात बुडवून थंड केले जाई. एकदाही बिघाड झाला नाही. २९ मार्च, इ.स. १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारले.

पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर त्यात पुन्हा बदल झाले आणि तेही प्रामुख्याने हातासाठीच. आखूड बोटांसाठी चाप लहान करण्यात आला व त्यामागे सांगाड्याला खोलगट खाचा देण्यात आल्या. मुठीच्या मागील भागास बाक देण्यात आला. घोडा मागे येताना अंगठ्याजवळची त्वचा चिमटू नये म्हणून सुरक्षा-कळीचे टोक लांबवण्यात आले. इ.स. १९२६ मध्ये या सुधारित नमुन्यास नवे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या मुठीवरील अक्रोडाच्या फळ्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली.

युद्धे आणि ब्राउनिंग

२८ जून, इ.स. १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रियाचा युवराज व त्याची पत्नी यांची हत्या केली, ती ब्राउनिंग यांनीच रचलेल्या पिस्तुलाने. या हत्येनंतर पहिले महायुद्ध पेटले. युद्धकाळात ब्राउनिंग यांनी आपल्या शस्त्रांचे हक्क अमेरिकी सरकारला ७,५०,००० डॉलरना दिले. स्वामित्वधन घेतले असते, तर त्यांना याहून कितीतरी अधिक रक्कम मिळाली असती. त्यांची स्वयंचलित रायफल इ.स. १९१८ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर पोहोचली. त्यांचा मुलगा व्हॅल हाही तेथे सैन्यात होता.

मृत्यू व अखेरची रचना

२६ नोव्हेंबर, इ.स. १९२६ रोजी बेल्जियममधील लिएजजवळच्या एफ. एन. कारखान्यात काम करीत असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण पिस्तूल दियूदोने सेव्ह यांनी पूर्ण केले. बेल्जियमच्या सैन्याने ते इ.स. १९३५ मध्ये स्वीकारले. हाय-पॉवर या नावाने ते ओळखले जाते. दोन ओळींत १३ काडतुसे मावूनही त्याची मूठ हातात नीट बसते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. दुसऱ्या महायुद्धात ते दोन्ही बाजूंनी वापरले. भारतीय सैन्याचे ९ मिलिमीटरचे पिस्तूलही याच रचनेवर आधारलेले असून ते पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार होते.

वारसा

इ.स. १९८० च्या दशकापासून पॉलिमरच्या सांगाड्याची पिस्तुले प्रचारात आली. त्यांपैकी बहुतेकांत गोळी सुटताच नळी किंचित कलून मोकळी होते. हे तत्त्व ब्राउनिंग यांचेच आहे. मात्र मुठीच्या बाबतीत मोठा फरक पडला. इ.स. १९११ च्या पिस्तुलाच्या मुठीवरील प्रत्येक फळी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. फळी घासताना चुकली, तर बदलता येते. पॉलिमरच्या पिस्तुलात सांगाडा हीच मूठ असते. अमेरिकेत अनेक धारक घरीच पॉलिश पेपरने बोटांच्या जागचे उंचवटे घासतात किंवा तापवलेल्या टोकाने पृष्ठभागावर बारीक ठिपके उमटवून पकड खरखरीत करतात. येथे एकदा निघालेला भाग पुन्हा जोडता येत नाही आणि भिंत पातळ झाल्यास सांगाडा कमजोर होतो. म्हणूनच अलीकडे उत्पादक मुठीच्या मागील बाजूस वेगवेगळ्या जाडीचे बदलते भाग देऊ लागले आहेत. शस्त्र हाताच्या मापाचे असावे ही गरज ब्राउनिंग यांनी जाणली होती. साधने व साहित्य बदलले, तरी ती गरज कायम राहिली आहे.

ऑग्डेन येथील जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत ब्राउनिंग यांच्या शस्त्रांचे संग्रहालय आहे.