मावा मारायला निघालेल्या श्राडरच्या हाती लागलेलं विष

जानेवारी 1937. जर्मनीतलं लेव्हरकुसेन. आय. जी. फार्बेन कंपनीच्या प्रयोगशाळेत टेबलावर एका द्रवाचा छोटासा थेंब सांडला. काही मिनिटांतच गेरहार्ड श्राडर आणि त्याच्या सहाय्यकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, डोकं गरगरायला लागलं, श्वास घेता येईना. दोघं वाचले, पण सावरायला तीन आठवडे लागले.

आता श्राडर काही युद्धाचं विष शोधत नव्हता. 1903 साली जन्मलेला, ब्राउनश्वाइगला केमिस्ट्री शिकलेला हा माणूस पिकांवरच्या किडीसाठी औषध शोधत होता. जर्मनीला बाहेरून येणारं धान्य कमी करायचं होतं, त्यासाठी घरचं पीक वाचवणं आलं. फॉस्फरसची एकामागून एक संयुगं करून बघताना 23 डिसेंबर 1936 ला त्याने ताबून बनवलं. दहा लाख भागांत पाच भाग एवढं पातळ केलं, तरी सगळा मावा मेला.

किडा मेला तसा माणूसही का मरू शकतो? आपल्या नसा स्नायूंना हुकूम देतात तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. हुकूम पोचला की एक एन्झाइम ते रसायन तोडून टाकतं आणि स्नायू सैल पडतो. ऑर्गनोफॉस्फेट नेमकं या एन्झाइमला जखडतं. मग हुकूम थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब सुरू होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात. किड्याच्या आणि माणसाच्या शरीरात ही यंत्रणा जवळपास सारखीच आहे.

लष्कराच्या कामाचा शोध लागला तर सरकारला कळवायचं, असा तिथे 1935 पासून नियम होता. ताबूनची माहिती बर्लिनला गेली आणि काम गुप्त झालं. 1938 मध्ये त्याहून जहाल सरिन तयार झालं. ते नाव चार जणांच्या आडनावांतली अक्षरं जोडून केलंय, त्यातला एक श्राडर. डायहर्नफुर्थच्या कारखान्यात (आज ते गाव पोलंडमध्ये आहे) युद्धकाळात सुमारे 12 हजार टन ताबून बनलं. रणांगणावर मात्र ते वापरलं गेलं नाही. पुढे 1995 ला टोकियोच्या मेट्रोत सोडलं गेलं ते सरिन.

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी श्राडरला ताब्यात घेऊन सगळं वदवून घेतलं. नंतर तो पुन्हा बायरमध्ये कीटकनाशकांकडे वळला. त्याने शोधलेलं पॅराथिऑन जगभर फवारलं गेलं. ते ताबूनपेक्षा सौम्य म्हणायचं, पण शरीरात गेल्यावर यकृतच त्याचं अधिक जहाल विष बनवतं. अनेक देशांत शेतमजूर त्याने दगावले. 1990 मध्ये, 87 व्या वर्षी श्राडर वारला.

त्याच्या कुळातली औषधं आपल्याकडेही आली. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावं कापूसपट्ट्यात कुणालाही विचारा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले. तेव्हा वापरलेल्या औषधांत याही गटातली औषधं होती. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, म्हणजे फवारा थेट तोंडावर. हे विष पोटातूनच जावं लागतं असं नाही. ते कातडीतून आणि श्वासातूनही शिरतं. घामाने भिजलेला सदरा अंगावर तसाच राहिला तर आणखी शिरत राहतं.

म्हणून फवारणीनंतर अंधुक दिसलं, लाळ सुटली, छाती भरून आली तर आधी कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. बाटलीवरच्या नावावरून डॉक्टरांना विषाचा गट कळतो. ऑर्गनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिन देतात. आणि एक लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी पेशंट उठून बसला म्हणून हट्टाने घरी नेऊ नका. काहींची मान आणि श्वासाचे स्नायू एक ते चार दिवसांनीही लुळे पडतात.