रेकॉर्डची नक्कल करणारा पोरगा

दोस्तांनो, भोकरदनहून जालन्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली की तुम्ही पहिलं काय करता? कानात हेडफोन! आणि गॅदरिंगमध्ये कुणी अरिजितचं गाणं हुबेहूब म्हटलं, की शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेता. नव्वद वर्षांपूर्वी असाच एक पोरगा होता. त्याच्या नकलेला थेट मुंबईने दाद दिली.

त्याचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. घरात गाणं होतं, पण या पोराला वेड लागलं ते ग्रामोफोनचं. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा राग मोठमोठ्या गवयांना तेवढ्यात बसवावा लागे. हा पोरगा ते गाणं अगदी हरकती-मुरक्यांसकट उचलायचा. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, सगळे त्याच्या गळ्यात. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच त्याचं नाव झालं. वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करू लागले. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला, तेव्हा भलेभले जाणकार चाट पडले. वय किती? अवघं अकरा!

आता विचार करा. नकलेवरच नाव झालंय, लोक त्यासाठीच बोलावतायत. मग शिकायची गरज काय? पण हा पोरगा त्याच वर्षी मुंबईत बी. आर. देवधर मास्तरांकडे राहिला आणि गाणं मुळापासून शिकायला बसला. सूर का लावायचा, राग कसा उलगडायचा, हे रेकॉर्ड सांगत नाही. ते मास्तरांनी सांगितलं. विशीत येईपर्यंत कुमार गंधर्व हे नाव स्वतःच्या गाण्यासाठी गाजू लागलं.

आणि नेमका तेव्हाच घाव बसला. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि पाठोपाठ क्षयाचं निदान. त्या काळी क्षय म्हणजे भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. औषध नुकतं कुठे येत होतं. हवापालटासाठी १९४८ च्या जानेवारीत दोघं माळव्यातल्या देवासला गेले. गाणं पूर्ण बंद. पाच-सहा वर्षं! ज्याचा गळा हीच ओळख, त्याने गप्प पडून राहायचं.

पण कान उघडे होते. आता कानावर पडत होती ती बायाबापड्यांची माळवी गाणी, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. ही गाणी कुठल्याच तबकडीवर नव्हती. कुमारजींनी ती मनात साठवली. भानुमतींनी आजारपणात त्यांची जिवापाड शुश्रूषा केली.

१९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं. दमसास तुटपुंजा. मग त्यांनी छोट्या छोट्या, विजेसारख्या तानांतून गाणं मांडलं. लोकधुनांतून नवे राग घडवले. कबीराची निर्गुणी भजनं तर त्यांनी घराघरांत पोहोचवली. घराणं मोडलं म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. पण तोवर ते कुणासारखंही गात नव्हते. पुढे पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ ला देवासमध्येच त्यांनी डोळे मिटले.

तुमची कव्हर्स बंद करा असं कुणी म्हणत नाहीये बरं का! कुमारजींची सुरुवातही नकलेनेच झाली. फक्त आज घरी गेलात की आजीला जात्यावरची एखादी ओवी म्हणायला सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून दोनदा ऐका. ही रेकॉर्ड जगात दुसऱ्या कुणाकडेच नसेल.